ओबुआसी : सोन्याच्या गावातला संघ

घानातील कुमासी शहराच्या दक्षिणेस सुमारे 60 किलोमीटरवर असलेल्या ओबुआसीला बाहेरचा माणूस सहसा सोन्याच्या खाणीच्या कामासाठी जातो. मी गेलो तो 'आशांती गोल्ड' या फुटबॉल संघाचे लेन क्ले मैदान पाहण्यासाठी. आक्राहून कुमासीपर्यंतचे अडीचशे किलोमीटर कापायला मोटारीने पाच-सहा तास लागतात, म्हणून कुमासीत एक मुक्काम करावा हे उत्तम. तिथून पुढे ट्रोट्रो, म्हणजे आपल्याकडच्या वडापचीच आफ्रिकी बहीण, मिळते. मात्र शेवटची जागा भरल्याशिवाय ती हलत नाही. माझी गाडी सव्वा तास उभी होती, तेव्हा तळावर सकाळी लवकर पोहोचावे आणि खिडकीची जागा धरावी.

हे गाव खाणीने घडवले. 1897 मध्ये कंपनी स्थापन झाली, आणि सेकोंडी बंदरातून निघालेले रेल्वेचे रूळ 1902 मध्ये आधी ओबुआसीला पोहोचले. आशांती राज्याची राजधानी असलेल्या कुमासीला त्यासाठी 1903 पर्यंत वाट पाहावी लागली. संघही खाणीचाच. 1978 मध्ये तो 'ओबुआसी गोल्डफिल्ड्स' या नावाने उभा राहिला आणि लोक त्याला 'मायनर्स', म्हणजे खाणकामगार, म्हणू लागले. कुमासीचा असांते कोटोको आणि आक्राचा हार्ट्स ऑफ ओक या दोन मातब्बर संघांचा दबदबा असलेल्या देशात 1993-94 पासून सलग तीन हंगाम राष्ट्रीय लीग या खाणगावाने जिंकली. 1996 मध्ये, म्हणजे तिसऱ्या विजेतेपदाच्याच वर्षी, खाण कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात दाखल झाले. कंपनीचे प्रमुख होते ओबुआसीतच वाढलेले सॅम जोना. मैदान आणि खाण यांचे दिवस तेव्हा एकदमच पालटले होते.

1997 साली आफ्रिकेच्या विजेत्यांची स्पर्धा प्रथमच 'चॅम्पियन्स लीग' या नावाने झाली आणि तिच्या अंतिम फेरीत गोल्डफिल्ड्सची गाठ मोरोक्कोच्या 'राजा कासाब्लांका' या संघाशी पडली. घरच्या लढतीत 1-0 असा विजय, परतीच्या लढतीत त्याच फरकाने हार, आणि शेवटी पेनल्टीत 5-4 असा पराभव. मैदानाच्या फाटकावरच्या वयस्कर राखणदाराने ही कहाणी मला सांगितली ती अशी, की कोणती किक कशी गेली हे दाखवायला त्याने हातातली किल्ली चेंडूसारखी सिमेंटवर सरकवली.

माझ्या मते या संघाचा सर्वांत विलक्षण हंगाम मात्र 2015 चा. 2014 च्या अखेरीस तोट्यातल्या खाणीचे काम जवळजवळ थांबले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि नेमक्या पुढच्याच वर्षी संघ चौथ्यांदा विजेता ठरला. खाणीतून पुन्हा सोने निघायला 2019 चा डिसेंबर उजाडला.

मग 17 जुलै 2021 रोजी याच मैदानावर इंटर अलाइजविरुद्ध 7-0 असा निकाल लागला. शेवटचे दोन गोल पाहुण्यांच्याच एका बचावपटूने, बदली खेळाडू म्हणून उतरल्यावर, मुद्दाम आपल्या जाळ्यात मारले. सामना आधीच ठरलेला होता आणि ठरलेल्या गोलसंख्येवर लावलेली पैज उधळायची होती, असे त्याचे म्हणणे होते. मे 2022 मध्ये दोन्ही संघांना थेट तिसऱ्या पातळीवर ढकलण्यात आले. खाण मंदावल्याने जे झाले नव्हते ते एका सट्ट्याने झाले.

जाणाऱ्यांसाठी आणखी काही. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र परतीसाठीही जपावे, कारण भारतात उतरल्यावरही ते मागतात. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. खाणीच्या कुंपणाकडे कॅमेरा रोखू नये आणि बेकायदा खणणाऱ्यांच्या, म्हणजे 'गलामसे'वाल्यांच्या, खड्ड्यांकडे फिरकू नये. मैदानात आत जायचे तर फाटकावर आधी परवानगी मागावी. शाकाहारी माणसाने 'रेड रेड' मागवावे : पामतेलात लालभडक शिजवलेली चवळी आणि सोबत तळलेली पिकली केळी. त्यात मासळी नाही ना, एवढे विचारून घ्यावे. 'शिटो' नावाच्या काळ्या चटणीत ती हमखास असते.

निघताना राखणदाराला मी त्या 7-0 च्या सामन्याबद्दल विचारले. किल्ली खिशात टाकून तो म्हणाला, की अंधार पडल्यावर कुमासीच्या गाड्या भरायला फार वेळ लागतो, तुम्ही आता निघालेले बरे.