संध्याकाळी येतील

दुपारी भांडी लावत होते तर आईचा फोन वाजला. तो मी अजून चार्ज करून ठेवते. का, ते वहिनीने दोनदा विचारून झालंय.

"मावशी आहेत का?" आवाज ओळखीचा नव्हता. "लेकीचं नाव रेशनकार्डातून कमी करायचंय. मावशी म्हणाल्या होत्या, लग्न झालं की मला फोन कर."

"त्या नाहीयेत," मी म्हटलं.

"मग कधी येतील?"

आणि मी म्हणाले, "संध्याकाळी."

फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. 47 दिवस झाले. त्या दिवशी गावाला, नातेवाइकांना, सगळ्यांना मीच कळवलं होतं. दादाला बोलवत नव्हतं. तेव्हा जीभ अडखळली नाही, मग आज एका अनोळखी बाईपुढे काय झालं? खोटं बोलायचं मनातही नव्हतं. आपसूक तोंडातून गेलं.

लहानपणापासून हेच उत्तर देत आले ना मी. दारात कोणीही आलं की, आई नाहीये, संध्याकाळी येईल. कोणाला तरी घेऊन केईएम हॉस्पिटलला गेलेली असायची, नाहीतर रॉकेलच्या रांगेत, नाहीतर चाळीला पाणी येत नाही म्हणून वॉर्ड ऑफिसात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना शिवाजी पार्कात अंगावरचं मूल घेऊन जायची, तो दादा. 1972 च्या महागाईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकरांच्या मोर्चाला लाटणं घेऊन गेली. मी सहा वर्षांची. रात्री परत येऊन त्याच लाटण्याने चपात्या लाटायला बसली आणि मी मागून तिच्या पाठीला चिकटले. पाठ घामाने ओली होती. मोर्चातलं बाकी सगळं ऐकीव, ती ओली पाठ तेवढी माझी.

आणि 1982. 18 जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मार्चात माझी दहावी. आईच्या खानावळीत 22 जण जेवायचे, पगार झाला की पैसे द्यायचे. पगार थांबले. काही जण गावाला गेले, जे राहिले त्यांना आई वाढत राहिली. आमटी पातळ होत गेली, पाटल्या गहाण पडल्या. पहिल्या पेपरच्या सकाळी चाळीतल्या सगळ्या पोरींच्या आया दही-साखर घेऊन दारात उभ्या, आणि माझी आई मागच्या चाळीतल्या एका बाईच्या बाळंतपणाला. माझ्या हातावर दही आत्याने ठेवलं. पन्नाशी कधीच उलटली माझी, तरी ते दही आठवलं की घशाशी येतं. हे तिला कधी बोलले नाही. आज बोलेन, उद्या बोलेन करत राहिले. ती 87 वर्षं जगली, आणि मला तेवढाही वेळ मिळाला नाही.

माळ्यावरचा तो मोठा टोप दिसतो. प्रेमाताई पुरवांनी 1975 ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, त्यातून घेतलेला. 2005 च्या 26 जुलैच्या पुरात रस्त्यात अडकलेल्या माणसांसाठी त्यातच भात शिजला. त्याचं काय करायचं ते दादाने ठरवावं.

मग बसून तिच्या फोनमधली नावं वाचली. ती सांगायची आणि माझी लेक भरायची. नळवाला. केईएम रक्त. रेशन चष्मा. पोलीस चांगला. पोलीस दुसरा. गॅस घरी आणतो. खाली खाली जात राहिले. माझा नंबर कुठे? लेकीला फोन केला, तर म्हणाली, "अगं, 'बाय' बघ. मी 'आई' टाकत होते, आजीने बदलायला लावलं." होतं. बाकी प्रत्येकाच्या नावाला काही ना काही काम लागलेलं, माझं नुसतं बाय. खूप वेळ स्क्रीन विझू दिली नाही.

सहा वाजून गेल्यावर तो फोन पुन्हा वाजला. "मावशी आल्या?"

मी म्हटलं, मी त्यांची मुलगी, मला सांगा. मूळ कार्ड आणा, लेकीच्या लग्नाचा दाखला, तिचं आधार. आणि नाव कमी केल्याचा दाखला हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका, त्याच्याशिवाय सासरच्या कार्डात नाव चढत नाही. मला हे सगळं येत होतं. शिकायला कधी बसले नव्हते.

"सोमवारी मीच येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं. "मलाही एक नाव कमी करायचंय."

"कोणाचं?"

सांगितलं तिला. बाई कितीतरी वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "माझं पहिलं कार्ड मावशींनीच काढून दिलं होतं हो."

सोमवारी दहाला जातोय दोघी. वॉर्ड ऑफिसातून आणलेला दाखला आमच्या कार्डात घालून पिशवीत ठेवलाय, तिच्याच पिशवीत.