आमची वाटचाल : गंज, झिंक आन् एक पावसाळा

आमचं वर्कशॉप नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आहे. बाबांनी सुरू केलं तेव्हा काम म्हणजे गेट, ग्रिल, टिनाचे शेड. वेल्डिंग झालं की वायर ब्रश फिरवायचा, दोन हात रेड ऑक्साइड मारायचे आन् गाडी रवाना. जिथं ब्रश पोचत नाही तिथं रंगच जरा जाड लावून द्यायचा, खोटं कशाला बोलू. तीन पावसाळे झाले की तोच गिऱ्हाईक परत यायचा आन् बाबा त्याला अजून एक डबा रंग फुकट द्यायचे.

मी धंद्यात आलो तेव्हा मला वाटलं आपण गॅल्व्हनायझिंग करूनच, म्हणजे वितळलेल्या जस्ताच्या (झिंकच्या) कुंडात बुडवूनच माल देऊ, म्हणून पाइपचे ट्रस बनवून बाहेर पाठवले. दुसऱ्या दिवशी सगळा माल जसाच्या तसा परत, प्रत्येक पाइपच्या टोकाला खडूनं गोल काढलेला. फोन केला तर तिथला फोरमन म्हणे, "भाऊ, होल मारून पाठवत जा ना, आमाले मारता का?" खरंच होतं त्याचं. कुंडातलं जस्त साधारण ४५० अंशावर असतं, बंद पाइपात जरा जरी पाणी राहिलं तर त्याची वाफ होऊन पाइप बॉम्बसारखा फुटतो. आपल्याला इंजिनीअरिंगला हे कोणी सांगितलंच नव्हतं बाप्पा.

दुसरी अडचण म्हणजे कुंड जेवढं, माल तेवढाच बुडतो, आन् उभं असलेलं स्ट्रक्चर तर उचलून नेता येत नाही. त्यातून मग मेटल स्प्रेकडे वळलो, सेकंडहँड आर्क मशीन घेतली. गनमध्ये झिंकच्या दोन तारा येतात, टोकं जवळ आली की आर्क पेटतो, तार वितळते आन् कॉम्प्रेसरची हवा तिचा फवारा करून लोखंडावर मारते. लोखंड फारसं तापत नाही म्हणून पातळ सेक्शन वाकत नाही. आन् झिंकचं खरं काम म्हणजे ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळं छोटा ओरखडा पडला तरी लगेच आतून गंज धरत नाही. साध्या रंगात हे होत नाही.

आता आमची फजिती. एका गोडाऊनचे कॉलम होते, जुलै महिना, पोट्ट्यांनी सकाळी मस्त ब्लास्टिंग केलं, म्हणजे हवेच्या जोरानं खरखरीत कण मारून गंज काढला, लोखंड पांढरंफट्ट निघालं, मग जेवायला गेले आन् तेवढ्यात सर येऊन गेली. आले तर कॉलमवर हलकी पिवळसर झाक. मी म्हटलं चालते, मारा स्प्रे, डिलिव्हरी आहे उद्या. दिवाळीआधी गिऱ्हाईकानं बोलावलं, नखानं टोकरलं तर पापडासारखी साल हातात. स्प्रे लोखंडाच्या खरखरीत पृष्ठभागाला नुसता पकडून बसतो, खाली गंज असला की पकडणार कशाला? सगळं काढून परत करून दिलं, स्वतःच्या खर्चानं, बुलेट विकली तेव्हा. आता पावसाळ्यात ओलावा मोजल्याशिवाय गन उचलत नाही, लोखंड दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव बनतं त्याच्या) वर निदान ३ अंश पाहिजे म्हणजे पाहिजे, आन् ब्लास्टिंग झालं की ४ तासांच्या आत स्प्रे.

अजून एक, सुरुवातीला पोट्टे संध्याकाळी थंडी वाजून तापायचे, आम्हाला वाटायचं मलेरिया. तो झिंकच्या धुराचा ताप निघाला, दुसऱ्या दिवशी उतरतो. तोपर्यंत मी सगळ्यांना दूध पाजून राहिलो होतो, सगळे वेल्डर तेच सांगतात ना. दुधानं काही होत नाही, मास्क आन् एक्झॉस्ट लावल्यावर थांबला.

लोक विचारतात नागपुरात कुठं समुद्र आहे, एवढं कशाला? बरोबर आहे, कोरड्या शेडच्या आत असेल तर मी स्वतःच सांगतो की चांगलं ब्लास्टिंग करून पेंट मारा, पैसे वाचवा. पण कोराडी-खापरखेड्याकडं कोळशाच्या वीज केंद्रांची राख आन् धूर लोखंडावर बसतो, वरून पावसाळ्याचा ओलावा, तिथं नुसत्या रेड ऑक्साइडचं काय होतं ते जाऊन पाहा. तिथं झिंक आन् वरून सीलर, कारण स्प्रेला बारीक छिद्रं असतातच.

ती साल अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. रेट कमी करा, ब्लास्टिंग सोडा म्हणणाऱ्याला दाखवतो. परवा एक जण उलटसुलट पाहून म्हणे, "साहेब, हे तर तुमचंच काम ना?" चहा पाजला त्याला. ऑर्डर नाही दिली पण त्यानं.