ऐंशी गुणांचे अंतर

२८ जुलै २०२५ च्या संध्याकाळी हातातले काम अर्धवट टाकून मी बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीचा टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीचे जलद डाव, पाहत बसलो होतो. जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख तिच्या दुप्पट वयाच्या कोनेरू हम्पीसमोर बसली होती. पारंपरिक प्रकाराचे दोन्ही डाव आणि जलद प्रकाराचा पहिला डाव बरोबरीत सुटला होता, आणि आता दिव्याकडे काळी मोहरी होती. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. त्यातून हम्पी जलद बुद्धिबळाची दोनदा जगज्जेती.

तो डाव आणि विश्वचषक दिव्याने जिंकला. या निकालाला अनेकांनी चमत्कार म्हटले, ते मला काही पटले नाही. हम्पीचे एलो गुणांकन (खेळाडूची ताकद आकड्यात सांगणारी पद्धत) २५४३ आणि दिव्याचे २४६३, म्हणजे फरक ८० गुणांचा. एलोच्या गणिताप्रमाणे एवढ्या फरकाने मागे असलेल्या खेळाडूने शंभर डावांत, बरोबरीचा अर्धा गुण धरून, सुमारे ३९ गुण मिळवणे अपेक्षितच असते. (हे गुणांकन पारंपरिक प्रकाराचे, जलद प्रकाराचे वेगळे मोजतात, ही गोष्ट चर्चेत सोयीस्करपणे विसरली जाते.) नवल करायचेच, तर पंधरावे मानांकन असलेल्या या मुलीने त्याआधी झू जिनर, हरिका द्रोणावल्ली आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना लागोपाठ घरी पाठवले, याचे करावे.

तो शेवटचा डाव निर्दोष मुळीच नव्हता. दोघींच्याही चुका झाल्या. कोणाची बाजू वरचढ आहे ते दाखवणारी, पडद्यावर पटाशेजारची संगणकाची पट्टी कधी बरोबरीवर येई, तर कधी काळ्याच्या बाजूला कलंडे, आणि घड्याळात मोजके सेकंद उरलेल्या हम्पीला त्या पट्टीचा आधार नव्हता, जो मला घरबसल्या होता. पाऊणशे चालींच्या आसपास तिने डाव सोडला. दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली. एकही ग्रँडमास्टर नॉर्म (या किताबासाठी एरवी स्पर्धांत करून दाखवावी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी) नसताना, केवळ ही स्पर्धा जिंकल्यामुळे, ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली होती. आणि थोड्याच वेळाने मुलाखतीत ती सांगत होती, की डावाचा अंतिम टप्पा आपल्याला अजून नीट शिकायला हवा.