चि. सौ. कां.

काल दुपारी एका जुन्या चेतक स्कूटरचा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर, उपसला आणि त्याच्याखाली लग्नपत्रिका निघाली.

अख्खी नव्हे. ब्लॉकच्या बुडाशी सांधा गळू नये म्हणून जे पॅकिंग असतं, ते कुणी मेस्त्रीनं पत्रिकेच्या जाड कागदाचं कापलं होतं. तेलानं पार काळं पडलेलं, पण एका कडेला 'चि. सौ. कां.' एवढं शाबूत. पुढे नाव यायला हवं, तिथं नेमकं स्टडचं भोक.

कड बघितल्याबरोबर कळलं, हे आमच्या वस्तादांचं काम. पिस्टनच्या डोक्यावर 0.25 चा आकडा होता, म्हणजे पाव मिलिमीटर मोठा पिस्टन; गाडी एकदाच बोअर झालेली, झिजलेला ब्लॉक एकदाच कातून रुंद केलेला. त्यानंतर कुणी आत हात घातलेला नाही. वस्ताद पॅकिंगला कात्री लावत नसत. कागद क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या पेटीच्या, तोंडावर धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत जायचं; खालची धारच कागद कापते. भोकावर बेअरिंगचा छर्रा ठेवून एक टोला. बाहेरून टपालावर शिक्के मारल्यासारखा आवाज यायचा. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, शाळा सुटली की घासलेटच्या ट्रेमध्ये नट धुवायचो. लग्नसराईत आमच्याकडे पॅकिंगची चंगळ असे. पत्रिका आली की वस्तादांचा अंगठा आधी कागदाची जाडी बघायचा, मुहूर्त मागाहून. जेवायला मात्र न चुकता जायचे.

इंजिन खोलायला कुणीही खोलतं. बांधायला मेस्त्री लागतो. आणि आम्ही 'बांधणं'च म्हणतो, घर बांधावं तसं.

लोकांना वाटतं इंजिन म्हणजे काळं, ओशट काहीतरी. बोअरिंगवाल्याकडून आलेला ब्लॉक त्यांनी उजेडाकडे धरून बघितलेला नसतो. चेतकचा बोअर, म्हणजे ब्लॉकच्या भोकाचा व्यास, 57 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही 57च. किती समजूतदार माप आहे बघा. आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे दगडानं घासल्याच्या, बारीक तिरप्या रेघा, एकमेकींना छेदत गेलेल्या, शेतात उभी-आडवी पाळी घातल्यासारख्या. आरशासारखा गुळगुळीत ब्लॉक आला तर मी परत पाठवतो. गुळगुळीत भिंतीवर तेल ठरत नाही. बोअरिंगवाला माझ्यावर वैतागतो, वैतागू दे.

मग रिंगांची टोकं त्यांच्या खिळीवर, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या अंगाला, आणि पिस्टन धरणाऱ्या गजन पिनची सरक्लिप, म्हणजे पिन जागेवर ठेवणारी तारेची कडी. सरक्लिप बसवताना माझ्या गॅरेजात कुणी बोलायचं नाही, रेडिओसुद्धा बंद. एकदा माझ्या हातून सुटलेली सरक्लिप गटारापर्यंत गेली होती आणि वस्तादांनी मला ती संध्याकाळपर्यंत शोधायला लावली. सापडल्यावर म्हणाले, "फेकून दे, वाकलीय."

तेल लावलेला पिस्टन ब्लॉकमध्ये शिरतो तेव्हा रिंगा बोटांखाली एकेक करून दबतात. क्रँक हातानं फिरवावा, पिस्टन वर यावा, खाली जावा. हे मी गरजेपेक्षा जास्त वेळा करतो. पोऱ्या विचारतो, "मालक, अजून काय बघताय?" तपासतोय म्हणतो. तपासून केव्हाच झालेलं असतं. एकदा का हेड बसलं, नट आळीपाळीनं तिरपे आवळले, की आतलं पुन्हा कुणाला दिसायचं नाही. दिसलं तर समजावं, काहीतरी बिघडलंय.

1972 पासूनची ही गाडी, कुणी कुणी नंबर लावून दहा दहा वर्षं वाट बघितली. 2020 पासून चेतक विजेवर निघाली. छान चालते, आवाज नाही, धूर नाही. तिच्यात मला बांधायला काही नाही, एवढंच. पत्रिकाही आता मोबाईलवर येतात. त्यांचं पॅकिंग होत नाही.

त्या कागदाचं काय करावं, ते थोडा वेळ सुचेना. गाडीच्या मालकाला विचारलं, तुमच्या घरातल्या लग्नाची का हो? तो म्हणाला, नाही बुवा, गाडी आम्ही सेकंडहँड घेतलेली. मग ब्लेडनं खरवडून काढलं. काही सुटतच नव्हतं, वस्तादांनी चांगलं दाबून बसवलं होतं. किटमध्ये तयार पॅकिंग आलं होतं, ते लावलं.