त्या ठोकळ्यांत काय पाहिलंत?

‘स्ट्रीट फायटर २’सारखा चित्रांतून रंगवलेला देखणा मारामारीचा व्हिडिओ गेम असताना ‘व्हर्चुआ फायटर’ या त्रिमितीय गेममधले ते ठोकळे तुम्हाला आवडलेच कसे, असं मला बरेचदा विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

ठोकळे होतेच ते, वादच नाही. १९९३ साली सेगा या जपानी गेम कंपनीतल्या यू सुझुकींच्या टीमने तो गेम आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवर, उतरवला, तेव्हा कपड्यांना पोत नव्हता की चेहऱ्यावर धड भाव नव्हता. नुसते एकरंगी पॉलिगॉन, म्हणजे बहुकोनी तुकडे; जाड पुठ्ठ्याला घड्या घालून केलेली माणसं जणू. पण ती हलायला लागली की नजर हटत नसे.

‘स्ट्रीट फायटर’सारख्या सपाट, द्विमितीय गेममध्ये प्रत्येक पवित्रा कुणीतरी काढलेला असतो. मेमरी तुटपुंजी, म्हणून चित्रंही मोजकी. लढवय्या वळला की तेच चित्र उलटं करून दाखवायचं. म्हणून तर ‘स्ट्रीट फायटर’मधला लढवय्या सगात वळला की त्याची पट्टी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर जाते! पॉलिगॉनच्या माणसाला मात्र सांधे असतात. गुडघा किती वाकला, खांदा किती वळला याचा हिशेब यंत्र दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, करतं. त्यामुळे लाथ बसल्यावर तोल कसा गेला, माणूस कुठल्या अंगावर आपटला, हे दिसायला लागलं. पुढच्याच वर्षी ‘व्हर्चुआ फायटर २’ आला. पोतही आला आणि सेकंदाला ६० फ्रेमही.

गंमत म्हणजे तिसरी मिती आधी चित्रात आली, खेळात नाही. पहिल्या भागात लढत पुढे-मागेच चाले. बाजूला सटकायला वेगळं बटण मिळालं ते १९९६च्या तिसऱ्या भागात. आणि १९९८च्या ‘सोलकॅलिबर’ या दुसऱ्या गेमने आठही दिशांना चालू दिलं, तेव्हा कुठे मैदान मैदानासारखं वाटलं.

सपाट चित्रातली ऐट मात्र या नादात गेली. हात वाटेल तेवढा लांबवायचा, मधली हालचाल गाळून टाकायची, ही चित्रकाराची मुभा. ‘गिल्टी गिअर एक्सर्ड’ या मारामारीच्या गेमवाल्यांनी २०१४मध्ये ती परत आणली, तीही त्रिमितीय मॉडेल वापरून. मधल्या फ्रेम यंत्राला भरू द्यायच्या नाहीत, प्रत्येक पवित्रा हाताने बसवायचा, उजेडसुद्धा पवित्र्यागणिक हलवायचा. सपाट दिसण्यासाठी केवढी ही खटपट! दिसतं अप्रतिम, हे मान्य. माझ्या हाताला मात्र ‘व्हर्चुआ फायटर २’च बरा वाटतो.