कामाचे समाधान : 1 ते 5

क्षयरोगाच्या वॉर्डात काम करताना मला 19 वर्षे झाली. गेल्या महिन्यात मेट्रनच्या कार्यालयातून परिचारिकांचे ‘कामाचे समाधान’ मोजणारा छापील फॉर्म आला. त्यात प्रत्येक बाबीला 1 ते 5 गुण द्यायचे होते. एन-95 मास्क पुरतात का, हे मात्र कुठेच विचारलेले नव्हते. फॉर्म खिशात घालून मी सकाळच्या गोळ्या द्यायला निघाले, आणि सहा नंबरच्या खाटेशी उभी असलेली तरुणी मी ओळखली.

2014 मध्ये ती 16 वर्षांची होती. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी तिला कॅनामायसिनचे इंजेक्शन रविवार सोडून रोज, महिनोन्‌महिने द्यायचे होते. एकाच जागी टोचत राहिले तर गाठी होतात, दुखून बसवत नाही, आणि रुग्ण उपचार सोडून निघून जातो. म्हणून मी रोज बाजू बदलत असे, आज डावी की उजवी हे केसपेपरच्या कडेला पेन्सिलीने लिहीत असे, सुई एका झटक्यात घालून औषध मात्र सावकाश सोडत असे. तिची एकही गाठ पिकली नाही, एकही डोस चुकला नाही. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे.

चौथ्या महिन्यात ती म्हणाली, “सिस्टर, मोबाइलची रिंग ऐकू येत नाही.” या औषधाने आधी उंच पट्टीचे आवाज जातात हे मला ठाऊक होते. मी नोंद केली, राउंडला सांगितले. श्रवणतपासणीचे यंत्र दुसऱ्या इमारतीत आणि ते चालवणारा एकच, त्यामुळे तारीख मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची. तपासणी होऊन इंजेक्शन थांबेपर्यंत ते मीच देत राहिले. क्षय बरा झाला, कान गेले ते गेलेच. हे औषध वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितले.

आता तिचा धाकटा भाऊ त्याच आजाराने दाखल झाला होता. ती ओठांवरून बोलणे ओळखते आणि माझे ओठ मास्कमागे होते, म्हणून मी तिला उघड्या व्हरांड्यात नेले, चार हात लांब उभी राहिले आणि मास्क उतरवला. तिने पहिल्यांदा एवढेच विचारले, “याला सुई नाही ना?”

“नाही. एकही नाही.”

खिशातला फॉर्म उलटा करून मी पाठकोऱ्या बाजूवर लिहिले : चार औषधे, सगळ्या गोळ्या, 26 आठवडे, बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज चार गोळ्या, नंतर आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन, नेहमी जेवणानंतर, ईसीजीच्या तारखा, लिनेझोलिडमुळे पायांना मुंग्या आल्या किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी सांगायचे. ‘त्याच दिवशी’ हे शब्द मी दोनदा अधोरेखित केले. तिने कागद वाचला, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला.

कार्यालयातून दोनदा विचारणा झाल्यावर मला दुसरा कोरा फॉर्म मिळाला आहे. तो अजून टेबलाच्या खणात पडून आहे.