सेनिओला पाणी आहे का?

आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, कापूस विकल्याच्या पावत्यांखाली, सहा टोकांची एक पितळी चांदणी असायची. तिची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल. लहानपणी मला ती जुनी राखीच वाटायची. पुढे 2014 मध्ये नोकरीसाठी बोलोन्याला आलो आणि पोस्टाच्या दारावरचा झेंडा पाहिला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ते इटलीचे रंग होते, आणि ती चांदणी म्हणजे 'इटली स्टार', दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्यांना इंग्रजांनी दिलेलं पदक.

आबा मराठा पलटणीतले. बेळगावला ट्रेनिंग, मग बोटीने इटली. घरात या गोष्टी सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलेल्या की 'सेनिओ नदी' म्हटलं की आजी चुलीकडे वळायची. आबांच्या सांगण्यात नदी केवढी! मी आपला मनात तापी धरून बसलो होतो.

एका रविवारी लुगोपर्यंत रेल्वेने गेलो, तिथून सायकल. पाहतो तर काय, आपल्या अमळनेरच्या बोरीपुढेही चिंचोळी! पण दोन्ही बाजूंनी पुराचे बांध दोन पुरुष उंच, सरळ उभे. बांधावर चढताना धाप लागली आणि आबांची गोष्ट तेव्हा कुठे कळली. 9 एप्रिल 1945 ला या बांधांच्या पोटात जर्मनांच्या मशीनगन होत्या, खाली सुरुंग. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव कंपनीचे निरोपे. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे नेलं, मग परत फिरून मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक. आबा हे सांगताना आवाज खाली आणत. स्वतःबद्दल मात्र एवढंच : 'पानी थंडंगार व्हतं.'

तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. पुतण्याने फोन आबांच्या डोळ्यांसमोर धरला. मोतीबिंदू काढलेले डोळे स्क्रीनला अगदी चिकटवून आबा बराच वेळ बघत राहिले.

'पानी शे का तिले?'

'शे, आबा. कमी शे, पण शे.'

'आपली बोरीले नही.'

झालं. सत्तर वर्षांनी नदी दिसली, तर माणसाला चिंता पाण्याची! त्या वर्षीही आमच्या शिवारात कपाशी वाळत होती. लढाई संपल्यावर पलटणीतून सुटलेले आबा थेट या कपाशीत परतले होते. पेन्शन बसलीच नाही. म्हातारपणी महायुद्धातल्या सैनिकांचं मानधन लागलं, तेही दरवर्षी हयातीचा दाखला दिला तर. तालुक्याच्या एका कार्यालयात जिन्याने वर नेऊन त्यांना उभं करावं लागे. 'जित्ता शे मी, आनखी काय दाखाडू?' असं एकदा साहेबाला म्हणाले होते.

जानेवारी 2019 मध्ये आबा गेले. कागदावर वय पंच्याण्णव. खरं किती, देव जाणे, जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी ठोकून दिलेली. पहाटे भावाचा फोन आला तेव्हा इथे रात्रीचा एक वाजला होता. विमानाने पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं, म्हणून अंत्ययात्रा फोनवरच पाहिली. बोरीच्या कोरड्या पात्रात सरण रचलेलं. मध्येच नेटवर्क गेलं आणि परत आलं तेव्हा धूरच दिसत होता.

त्या आठवड्यात फोर्लीला जाऊन आलो. तिथे भारतीय सैनिकांचं स्वतंत्र युद्धस्मशान आहे. ज्यांचं दहन झालं, त्यांची नावं स्मारकावर कोरलेली. मराठी नावं रोमन अक्षरांत वाचायला वेळ लागतो, मी एकेक ओठांनी वाचत होतो. शेजारी एक इटालियन म्हातारी फुलं ठेवून गेली, कुणासाठी ते विचारायला धीर झाला नाही.

मृत्यूचा दाखला भावाने फेब्रुवारीतच त्या कार्यालयात दिला होता, पोच घेऊन. नोव्हेंबरात घरी फोन आला : बाबांचा हयातीचा दाखला अजून आला नाही, लवकर पाठवा.